वराह आणि वऱ्हाड

१४ डिसेंबर १९५८, रविवार. पोळपाट घासायला घेतला आहे. राख लावून झाली, चिंच लावून झाली, विटेचा चुरा लावून झाला. आता धुण्याचा सोडा फासून उन्हात ठेवला आहे. मधोमध रुपयाएवढा जांभळा डाग आहे आणि साडेतीन वर्षं घासूनही तो आठ आण्यांएवढा झालेला नाही. डाग माझ्या दिरांनी पाडला. सोडा मुरेपर्यंत हात रिकामे आहेत, तेवढ्यात त्यांच्याविषयी लिहून काढते.

डुकरांना रोगाची लस टोचणारे लोक देशात पुष्कळ असतील, पण डुकराला एकदाही डुक्कर न म्हणता टोचणारा माणूस या भूमीवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरी उतरला. ते आमच्या ह्यांचे चुलत भाऊ, नागपूरकडचे, जनावरांच्या खात्यात डॉक्टर. इकडे अशा डॉक्टरला लोक सरळ ढोर डॉक्टर म्हणतात. त्यांना कोणी तसं म्हटलं की ते थांबत, चष्मा पुसत आणि म्हणत, "पशुवैद्य." समोरचा मान हलवून म्हणे, "होय जी, ढोर डॉक्टर." पोंभुर्ण्याच्या बाजूच्या गावांत डुकरांना टोचून काढायचं काम पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलं. आमचे हे जंगलखात्याच्या डेपोवर कारकून, महिन्यातले वीस दिवस लाकडं मोजत बाहेर. मी गावच्या दवाखान्यात नर्स. घरात खोली रिकामी होती. "महिनाभराचा प्रश्न आहे, वहिनी," म्हणाले आणि तीन महिने राहिले.

डुक्कर ही त्यांच्या मते शिवी होती. माझे चुलत सासरे, म्हणजे त्यांचे वडील, शाळामास्तर. त्यांनी घरात बेरीज चुकली की "डुकरा", पाढा अडला की "डुकरा" असं सुरू ठेवून एका मुलाचं बालपण संपवलं. त्या मुलाने मोठेपणी असं ठरवलं की आपलं झालं ते झालं, पण निरपराध जनावराला त्या नावाने हाक मारायची नाही. म्हणून वराह. आता इथेच थांबले असते तर कोणाची तक्रार नव्हती. पण एकदा शुद्ध बोलायची सवय लागली की माणूस एका जनावरावर थांबत नाही. सायकल ही द्विचक्री झाली, थर्मासची शीतकुपी झाली. पहिल्याच दिवशी सकाळी दारात उभे राहून त्यांनी मला विचारलं, "वहिनी, सूचिनलिका उकळून मिळेल का?" मला वाटलं, बाजारातून कसली तरी पालेभाजी आणली असेल. म्हटलं, "निवडून द्या, उकळते." तेव्हा त्यांनी खिशातून इंजेक्शनची पिचकारी काढून माझ्या हातात ठेवली. अठरा वर्षं मी पिचकाऱ्या उकळते आहे. त्यांना इतकं लांब नाव असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

लस थंड ठेवावी लागे. बर्फ नागपूरहून आगगाडीने चांद्याला येई, तिथून मोटारीने आणि शेवटी दिरांच्या सायकलवर, लाकडाच्या भुशात गुंडाळून. एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा प्रवास कसा होत असेल ते कळेल. या बर्फापायी त्यांची मैलांची मोजणी सुटली होती. "चामोर्शी किती लांब आहे हो?" असं कोणी विचारलं की सांगत, "दीड शेर." राजुरा तीन शेर. तीन शेरांपलीकडचं गाव त्यांच्या लेखी जगात नव्हतं. छत्री बर्फाच्या पेटीवर धरत आणि स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा टाकत. तो पंचा चार पावलांत वाळून पापडासारखा उभा राही. घरात माझ्या माठाची गार जागा पेटीने घेतली आणि माठ अंगणात गेला. तीन महिने मी कोमट पाणी प्याले आणि डुकरांची लस गारव्यात राहिली.

लस होती जांभळी, दौतीतल्या शाईसारखी. बाटल्या मांडायला त्यांना स्वच्छ, गोल, चार बोटं उंच अशी एखादी वस्तू हवी होती. मी दवाखान्यात गेलेली असताना त्यांनी ती स्वयंपाकघरात शोधून काढली. चार दिवस मला पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी एक बाटली कलंडली आणि पत्ता लागला. हा माणूस चातुर्मासात वांग्याकडे बघत नाही, अंडं विकणारी बाई दिसली तर रस्त्याची बाजू बदलतो. त्याला मी जांभळा डाग दाखवला आणि एवढंच विचारलं, "भाऊजी, चार दिवस तुम्ही घडीच्या पोळ्या कशावर लाटलेल्या खाल्ल्या?" ताटावरून उठले. दोन वेळा उपास केला. तिसऱ्या वेळी भूक लागली, तेव्हा म्हणाले, "पोळपाट बिनपायांचा आहे, उलटा करून चालेल." मी तो उकळत्या पाण्याने धुतला, उलटा केला आणि तेव्हापासून उलटाच वापरते आहे.

आता सोमीबाईची ओळख करून द्यायला हवी. गावाबाहेर गोंडांची वस्ती आहे, तिथली ही. नवरा जंगलात झाडाखाली सापडून गेला. घरात एक मुलगी, लग्न ठरलेली. अंगणात एक काळी डुकरीण आणि तिची सात पिल्लं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की एकेक पिल्लू देऊन सोमीबाई भात आणे. त्यातलं एक मुलगी सासरी नेणार, एक देवकार्याला लागणार, असं सगळ्या सातांचं आधीच ठरलेलं होतं. थोडक्यात, ती डुकरीण म्हणजे त्या घराचा कर्ता पुरुष. दीर लस घेऊन तिच्या दारात गेले तेव्हा मीही बरोबर होते, कारण त्यांचं बोलणं लोकांना समजावून सांगायचं काम कोणी न नेमता माझ्याकडे आलं होतं.

"बाई, आपला वराह कुठे आहे?"

"काय कुठी आहे?"

"वराह. आपल्याकडचा."

सोमीबाईने माझ्याकडे पाहिलं. "वो नर्सबाई, तुमचे देर काय मांगून राह्यले?"

"तुझी डुकरं बघायची आहेत त्यांना. सुई टोचायची आहे."

"मंग तसं म्हना ना जी! आमच्यात पद्दी म्हन्तेत, तुमच्यात डुकर म्हन्तेत. हे वराह कोनाच्यात म्हन्तेत?"

"संस्कृतात," दीर म्हणाले.

"ते कुठी आलं? राजुऱ्याकडं?"

दिरांनी चष्मा पुसला. सुई टोचण्यापूर्वी "जरा क्षमा करा हं" असं जनावराला म्हणायची त्यांची पद्धत होती. त्या डुकरिणीशी आयुष्यात कोणी इतक्या अदबीने बोललेलं नव्हतं, ती घाबरली. सोमीबाईच्या हातातून मागचे पाय सोडवून तिने दिरांना कुंपणापर्यंत नेलं. अर्धी पिचकारी त्यांच्या सदऱ्यावर, थोडी कानात. सोमीबाईने तिला पुन्हा धरून आडवी पाडली आणि म्हणाली, "आता माफी नका मांगू, टोचा." टोचली. एक मान्य करायला हवं, सुई मात्र अशी घालत की मी नर्स असून मला हेवा वाटे. नंतर उकिडवे बसून वहीत लिहिलं, 'कृष्णवर्णा, वामकर्ण किंचित् छिन्न.' डुकरिणीचा डावा कान फाटका होता हे सोमीबाईला माहीत होतं. तो इतका भारदस्त आहे हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून वस्तीत त्यांचं नाव जांभळा डॉक्टर पडलं. या नावावर त्यांची हरकत नव्हती. जांभळा हा शब्द शुद्ध आहे म्हणाले.

हे सोमवारी झालं. बुधवारी बातमी आली की नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे लहानशा वाडीवर, डुकरं मरू लागली आहेत. दीर सायकल काढून गेले आणि तोंड पाडून आले. कानांवर, पोटावर लाल चट्टे, मागचे पाय लटपटतात, खाणं सुटतं, आठवड्याच्या आत जनावर जातं. रोग शिरलेल्या गावात आता लस टोचून काही होण्यासारखं नव्हतं. आमच्या गावातली निम्मी डुकरं टोचून झाली होती, निम्मी राहिली होती, आणि टोचलेल्यांच्या अंगातही लस मुरायला पंधरा दिवस तरी लागणार होते. "तोवर बाहेरचा एकही वराह गावात येता कामा नये, वहिनी. एक आला तर सगळे जातील." हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. माणूस वेडा असला तरी त्याचं काम त्याला कळत होतं.

गुरुवारी त्यांनी दवंडीचा मजकूर लिहिला. मी त्या दिवशी दवाखान्यात एका अडलेल्या बाईपाशी होते, नाहीतर तो कागद घराबाहेर पडला नसता. गणपत कोतवालाला वाचता येत नाही. दिरांनी त्याला तीनदा वाचून दाखवला, त्याने तीनदा मान हलवली आणि पाठ करून गेला. आता हे लक्षात घ्या की आमच्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाला वराड म्हणतात. आणि दिवस लग्नाचे. वराह हा शब्द गणपतच्या सात पिढ्यांनी ऐकलेला नव्हता आणि वराड समोरच्या रस्त्यावरून रोज जात होतं. शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्याने केलं: न समजलेला शब्द सुधारून घेतला. दुपारी ढोल्यावर टिपरू पडलं आणि मी दवाखान्याच्या खिडकीतून ऐकलं ते असं:

"ऐका होऽऽ! आजपासून वराडाचं येनंजानं बंद! बाहेरगावचं वराड गावात घेऊ नोका! गावातल्या परत्येक वराडाले सुई टोचल्या जाईन! कोनाचं वराड आजारी असन तर डॉक्टरले कळवा! मेलेलं वराड उघड्यावर टाकू नोका, खड्डा खोदून चुना टाकून गाडा होऽऽ!"

अडलेली बाई त्या क्षणी मोकळी झाली. मी आजही म्हणते की दवंडीमुळे झाली.

हातातलं काम टाकून जाता येईना. तोवर पाटील आमच्या ओसरीवर जाऊन पोहोचले होते. तिथे जे बोलणं झालं ते मला नंतर पाटलांनीच ऐकवलं. पाटलांनी भीत भीत विचारलं, "डॉक्टरसाहेब, बाहेरून आलेल्या वराडाले बी सुई का?"

"छे. बाहेरून आलेल्याला टोचण्यात अर्थ नाही. त्याला सीमेवरूनच हाकलायचं."

"आनि नाई गेलं तं?"

"काठ्या घेऊन चार माणसं उभी करा. ऐकत नसेल तर बांधून ठेवा."

"बांधून!" पाटील म्हणाले. "आनि त्याईले खायाले-प्यायाले?"

"गावातलं उष्टंखरकटं तर मुळीच घालू नका. त्यातूनच पसरतो रोग."

पाटील उठले. त्यांच्या स्वतःच्या भाचीचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं. जाताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की सरकारचा असा कायदा नवा झाला का. दीर अभिमानाने म्हणाले, "कायद्याची वाट कशाला पाहायची? आपल्याला समजतं ना!" आणि आत येऊन बर्फ तपासत बसले. गावाने एवढ्या गांभीर्याने घेतलं याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी मी घरी येते तर सोमीबाई अंगणात, पदर खोचून.

"काऊन वो बाई? तुमच्या देराचं मी काय वाकडं केलं? माह्या पोरीचं लगन काऊन मोडून राह्यला तो?"

"कोणी मोडलं नाही. बस जरा."

"बसत नाई! परवा वराड येते. पंधरा मानसं हायेत. त्याईले सुया टोचता? नवरदेवाले टोचता? मंग ते येतीन का? मीच आली नसती!"

दीर बाहेर आले. मी सांगितलं, काय झालं ते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण त्यांना दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. "वराह कुठे आणि वऱ्हाड कुठे! वहिनी, अंत्य वर्ण बघा. एक हकार, एक डकार. मधला रकार साधा की—"

"भाऊजी, हकार राहू द्या. सोमी, वऱ्हाड कुठून येणार आहे?"

"पल्याडच्या टोल्यावरून. तिथंच तं देली पोरगी."

मग मी पुढचं विचारलं, आणि उत्तर मला आधीच ठाऊक होतं. "बरोबर काय आणणार?"

"काय म्हन्जे? रीतच हाय ना बाई. दोन डुकरं आनतीन नवऱ्याकडून. त्याईचंच जेवन."

दिरांचे हकार, डकार कुठल्या कुठे गेले. परवा दोन डुकरं रोगाच्या गावातून निघून, नाला ओलांडून, सोमीबाईच्या अंगणात येऊन बांधली जाणार होती, जिथून चार हातांवर तिची डुकरीण आणि सात पिल्लं होती, लस टोचून पाच दिवससुद्धा न झालेली. मी सोमीबाईला सगळं नीट सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नवऱ्याकडची भेट वापस केली तं लगन मोडते, बाई. आनि भेट घरात घेतली तं माही डुकरीन मरते. आता सांगा, मी कायले रडू?" आणि रडली नाही. उठून गेली.

दीर दुसऱ्या दिवशी टोल्यावर निरोप सांगायला गेले. टोल्याच्या लोकांच्या कानावर आमची दवंडी आधीच पडली होती. त्यांनी सायकल दिसताच कुत्री सोडली. शीतकुपी पडून फुटली.

शनिवारी सकाळी वऱ्हाड निघालं. नाला एप्रिलमध्ये कोरडा असतो, वाळूचे पंधरा-वीस हात. अलीकडे पाटलांनी उभी केलेली चार माणसं काठ्या घेऊन, कारण दवंडी ती दवंडी. पलीकडे ढोल वाजवत वऱ्हाड, पिवळ्या मुंडाशाचा नवरदेव, आणि मागे दोरीला बांधलेली दोन डुकरं, मोहाच्या दारूइतकीच थाटाने आणलेली. काठ्या पाहून ढोल थांबला. नवऱ्याचा मामा, दांडगा माणूस, पुढे येऊन ओरडला, "आमाले रोगी म्हन्ता? आमाले सुया टोचता? चला रे वापस! पोरगी ठेवा तुमच्याच घरी!"

तेव्हा माझे दीर पुढे झाले. धुतलेलं धोतर, जांभळा सदरा, हातात वही. "सज्जनहो," ते म्हणाले, "शब्दांचा घोटाळा झाला आहे. निषेध वऱ्हाडाचा नसून वराहाचा आहे."

पलीकडे ऐकू गेलं ते, 'वराडाचा नाई, वराडाचा हाय.' मामाने पागोटं नीट केलं आणि मागे वळला.

"वराऽह!" दीर ओरडले. "हकारान्त!"

लोक वळून चालू लागले. सोमीबाई माझ्या शेजारी उभी होती. मुलगी मागे झाडाशी, हळद लावलेली. मी दिरांच्या कोपराला धरलं आणि म्हटलं, "भाऊजी, एकदा म्हणा. तुमचे वडील आता नाहीत. म्हणून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाढा अडलेल्या पोराचा भाव मी तेव्हा पाहिला, आणि सांगते, मला तो आवडला नाही. मग त्यांनी डोळे मिटले, नाल्याच्या दिशेने तोंड केलं आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडले, "डुक्कर! डुक्कर! अहो, डुक्कर!"

झाडावरचे बगळे उडाले. वऱ्हाड जागच्या जागी थांबलं. मामा सावकाश मागे फिरला, काठी हातात घेतली आणि विचारलं, "कोनाले म्हन्ते बे, डुकर?"

म्हणजे ज्याची भीती या माणसाने जन्मभर बाळगली तेच झालं. दीर पांढरे पडले. पण सोमीबाईला आता शब्द सापडला होता. ती वाळूत उतरून दोन्ही हात हलवत ओरडली, "तुमाले नाई वो सोयरे! तुमच्या मांगच्याईले! मानसं या, डुकरं तिथीच ठेवा! डुकराईले रोग हाय, तुमाले नाई!"

मग पलीकडे कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सगळ्यात शेवटी मामा हसला. "डुकर म्हनाचं होतं तं डुकर म्हनाचं ना जी," तो दिरांना म्हणाला. "आमी दोन रात्रींपासून सुयाईच्या भेवानं झोपलो नाई."

पुढचं सोपं होतं, म्हणजे माझ्यासारख्यांना सोपं. भेट परत जाता कामा नये आणि नाला ओलांडता कामा नये. डुकरं पलीकडच्या मोहाच्या झाडाला बांधली. सोमीबाईने अलीकडच्या काठावर उभं राहून हळदीचे तांदूळ त्यांच्या दिशेने फेकले, मामाने "भेट पावली का?" विचारलं, सोमीबाईने "पावली" म्हटलं. वऱ्हाडाचे पाय धुवायची रीत सगळ्यांकडे असतेच; मी दोन घमेली पाणी ठेवलं आणि त्यात मूठभर नव्हे, चांगला पायलीभर धुण्याचा सोडा कालवला. टोल्यावरचा चिखल, शेण जे काय पायांना लागून आलं असेल ते तिथेच उतरलं. पाय चुरचुरले तेव्हा मामा खूश होऊन म्हणाला की असे घासून पाय आमचे कोणी धुतले नव्हते.

राहिलं जेवण. डुकरं नाल्यापलीकडे आणि पंधरा माणसं अलीकडे. माझा कोंबडा मी दिला. बाकीचे दिरांनी गोळा केले, अंड्याची टोपली दिसली की रस्ता बदलणाऱ्या माणसाने, दारोदार हिंडून. सकाळी एकदा तोंड विटाळलं होतं, त्यामुळे पुन्हा ते विटाळायची त्यांची तयारी नव्हती. प्रत्येक दारात उभे राहून विचारत, "आपल्याकडे कुक्कुट आहे का?" पाटलीणबाईंनी त्यांना कुकर म्हणजे कुत्रं हवं आहे असं समजून दाराला कडी लावली. शेवटी मी गणपत कोतवालाला त्यांच्याबरोबर पाठवलं. तो मागून नुसता "कोंबडा" म्हणे. नऊ मिळाले.

लग्न झालं. दीर मांडवात आले नाहीत. ते नाल्यापलीकडे मोहाखाली बसले होते, त्या दोन डुकरांना पाणी पाजत, कारण ती कोणी सोडली, नेली, कापली तर सगळं फुकट होतं. दुसऱ्या दिवशी एकाचे कान लाल झाले. तिसऱ्या दिवशी दोन्ही आडवी होती. त्यांनीच खड्डा खणला, चुना घातला, माती लोटली, सोड्याने हातपाय धुतले आणि अलीकडे आले. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाले, "फार शांत होते दोघे." मी तांब्या पुन्हा भरून दिला. सोमीबाईची डुकरीण जगली, सातही पिल्लं जगली, गावातलं एकही गेलं नाही.

पुढे प्रांतांची वाटणी बदलली, खातं बदललं आणि दिरांना लांब, शहरातल्या कचेरीत टेबलावर बसवलं. लोकांसाठी पत्रकं लिहायचं काम त्यांच्याकडे आहे. सरकारला नेमका हाच माणूस त्या कामाला सापडावा यात मला तरी नवल वाटत नाही. त्यांच्या जागी इकडे कोणी आलेलं नाही. दोन उन्हाळे कोरडे गेले. सोमीबाई बाजाराच्या दिवशी भेटली की विचारते, "वो बाई, वराडाची सुई कवा येनार?" आमच्या गावात त्या लशीचं नाव आता तेच आहे. तिच्या डुकरिणीला नातवंडं झाली, त्यांच्यातल्या एकाच्याही अंगात लस नाही. मुलगी टोल्यावर नांदते, मूल कडेवर आहे, सासरी नेलेल्या पिल्लाचीही आता डुकरीण झाली आहे.

परवा दिरांचं पाकीट आलं. आत छापील पत्रक. मजकूर वाचला: 'प्रतिबंधक द्रवाचे त्वगधःस्थ अंतःक्षेपण करवून घेणे इष्ट.' चांदा जिल्ह्यात हे कळणारा एकही माणूस नाही, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना वाचता येत नाही. पण वर, ठळक अक्षरांत, मथळा आहे: 'डुकरांचा ताप.' त्याखाली पेन्सिलीने लिहिलं आहे, 'वहिनी, वरिष्ठ वराहज्वर ठेवा म्हणत होते. मी ऐकलं नाही.' बस, एवढंच. माझी प्रकृती, ह्यांची प्रकृती, काही विचारलेलं नाही.

सोडा वाळला. डाग तसाच आहे.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी पोळपाट उलटा करून पोळ्या लाटल्या. मग दिरांना कार्ड लिहिलं: 'पत्रक पोचलं. इथे कोणाला वाचता येत नाही. लस घेऊन स्वतः या. माठ अंगणात ठेवते.' कार्ड पेटीत टाकून परत येताना गणपत कोतवालाच्या दारात थांबले आणि विचारलं, वराडाची दवंडी अजून पाठ आहे का. त्याने उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही.